पावतीच्या पाठीमागची सातवी अट : बडोद्यातील एका सभागृहाचे परीक्षण

बडोद्यात मुंज, लग्न किंवा साठीशांतीसाठी जागा शोधणारी मराठी कुटुंबे साधारणपणे तीन गोष्टी पाहतात : स्वयंपाकघर कसे आहे, गाड्या लावायला जागा किती आहे आणि ताटाचा दर काय आहे. मे २०२३ मध्ये पुतण्याच्या मुंजीसाठी जागा ठरवताना आम्हीही एवढेच पाहिले होते. त्यानंतर त्याच सभागृहात आम्ही आणखी दोन कार्ये ठरवली आणि ती दोन्ही तेथे होऊ शकली नाहीत. एक विश्वामित्री नदीच्या पुरामुळे आणि दुसरे आमच्याच बाजूच्या अडचणीमुळे. पार पडलेल्या मुंजीपेक्षा या दोन न झालेल्या कार्यांनीच त्या जागेची मला खरी ओळख करून दिली. मी बावीस वर्षे एका वकिलांच्या कार्यालयात करारनाम्यांचे मसुदे तयार करण्याचे काम करते, तरीही पहिल्या पावतीवर सही करताना तिची मागची बाजू मी वाचली नव्हती. पैशांचा हिशेब आता पूर्ण मिटला आहे आणि मालकांशी आमचे संबंध चांगले आहेत, म्हणून सभागृहाचे नाव येथे देत नाही.

जागेविषयी आधी थोडक्यात सांगते. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, अडीचशे माणसे मोकळेपणाने बसतात, खाली वाहनतळ आहे आणि लिफ्ट व्यवस्थित चालते. स्वयंपाकघर स्वच्छ आहे. आचारी गुजराती असले तरी त्यांच्या हाताखाली दांडिया बाजारातील एक मराठी बाई आहेत, त्यामुळे आमटीत गुजराती डाळीइतका गूळ पडत नाही आणि मसालेभाताला गोडा मसाल्याचाच वास येतो. मुंजीच्या दिवशी अळूवडी शेवटच्या पंगतीपर्यंत कुरकुरीत होती, हे मला अजून आठवते. पंख्यांचा आवाज फार होतो आणि मंगलाष्टकांच्या वेळी तो जाणवतो. ताटाचा दर आसपासच्या जागांइतकाच आहे.

मुंजीच्या दिवशीची एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. सभागृह सकाळी ६ वाजता आमच्या ताब्यात यायचे ठरले होते. आदल्या रात्रीच्या स्वागतसमारंभाची सजावट उतरवणारी माणसे ८ वाजेपर्यंत तेथेच होती आणि आमची बटूची चौरंगाची मांडणी जिन्यात थांबून राहिली. मुहूर्त सांभाळला गेला, म्हणून आम्ही कोणी काही बोललो नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५५ अशा वेळी काय सांगते, ते प्रत्येक यजमानाला ठाऊक असावे असे मला वाटते. ज्या करारात वेळ हाच करारातला महत्त्वाचा भाग असतो, तेथे ठरल्या वेळी काम झाले नाही तर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करण्याचा अधिकार मिळतो. आणि मुहूर्ताच्या कार्यात वेळ महत्त्वाची नव्हती, असे कोणीही म्हणू शकणार नाही. परंतु उशिरा मिळालेली सेवा आपण स्वीकारली आणि स्वीकारतानाच ‘या उशिराची भरपाई आम्ही मागणार आहोत’ असे कळवले नाही, तर नंतर ती मागता येत नाही. कार्याच्या घाईत व्यवस्थापकाला दोन ओळींचा संदेश पाठवणे कोणाला सुचणार? पण कायद्याची अपेक्षा तेवढीच आहे आणि ती त्याच क्षणी पूर्ण करावी लागते. आम्ही ती केली नाही, त्यामुळे त्या दोन तासांबद्दल आम्हाला काहीही मिळाले नाही.

आता पावतीकडे येते. ती गुलाबी कार्बन कागदाची असते, पुढच्या बाजूला तारीख, रक्कम आणि सही, आणि मागच्या बाजूला गुजरातीत बारीक टाइपात नऊ अटी. सातवी अट अशी आहे : ‘बुकिंगनी रकम कोई पण संजोगोमां परत मळशे नहीं.’ कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही, एवढाच तिचा अर्थ. आठव्या अटीत सभागृहाने मात्र कारण न देता आरक्षण रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला आहे. या दोन अटी एकाखाली एक छापलेल्या आहेत आणि त्या एकत्र वाचल्या की, एका पक्षाला सर्व मोकळीक आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे उघड दिसते. शहरातील निदान चार जागांच्या पावत्या मी नंतर मुद्दाम पाहिल्या. सातव्या अटीचे शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो.

आमच्या सुनेची पहिली मंगळागौर मंगळवार, २७ ऑगस्ट २०२४ रोजी ठरली होती. ऐंशी बायका, पुरणावरणाचा स्वयंपाक आणि रात्री खेळ. एकूण ४३,००० रुपये खर्च येणार होता आणि त्यापैकी २०,००० रुपये आम्ही आगाऊ दिले होते. गोकुळाष्टमीच्या दिवशी सोमवारी पावसाने धरले आणि पाठोपाठ विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. मंगळवारी नदीवरील पूल बंद होते, वस्त्यांमध्ये पाणी होते आणि आमच्या सभागृहासमोरच्या रस्त्यावर कंबरेइतके पाणी होते. तेथील पहारेकऱ्याने पाठवलेल्या छायाचित्रात वाहनतळातील स्कूटरींचे फक्त हँडल वर दिसत होते आणि जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. आचारी कारेलीबागेत अडकले होते. वीज तर सकाळीच गेली होती. पूजा घरच्या घरी पाच बायकांनी केली, आणि सुनेने मेणबत्तीच्या उजेडात जागरणही केले.

पाणी ओसरल्यावर मी पैशांबद्दल विचारायला गेले, तेव्हा व्यवस्थापकांनी अत्यंत शांतपणे उत्तर दिले : ‘हॉल तो खुल्लो हतो, बेन.’ सभागृह उघडे होते, कोरडे होते, पहिल्या मजल्यावर पाण्याचा थेंबही आला नव्हता. तुम्ही आला नाहीत, याचा अर्थ आरक्षण तुम्ही रद्द केले, आणि म्हणून सातवी अट. हे उत्तर मला दोन दिवस बोचत राहिले, कारण त्यात वस्तुस्थिती खरी होती आणि निष्कर्ष चुकीचा होता.

या प्रकारचा वाद जुना आहे. लंडनमधील सरे गार्डन्स येथील संगीतगृह चार दिवसांच्या कार्यक्रमांसाठी भाड्याने ठरले होते आणि कार्यक्रमापूर्वीच ते आगीत जळून गेले. तेव्हा १८६३ साली टेलर विरुद्ध कॅल्डवेल या खटल्यात न्यायालयाने दोन्ही पक्षांना करारातून मोकळे केले. तेथे जागाच उरली नव्हती. आमच्या व्यवस्थापकांचे म्हणणे होते की, आपली जागा तर शाबूत आहे. परंतु १९०३ सालचा क्रेल विरुद्ध हेन्री हा खटला नेमका शाबूत जागेचा आहे. राजा सातवा एडवर्ड यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक पाहण्यासाठी हेन्री यांनी पॅल मॅल रस्त्यावरील खोल्या जून १९०२ मधील दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरवल्या आणि २५ पौंड आगाऊ दिले. राजा आजारी पडला, मिरवणूक पुढे ढकलली गेली. खोल्या जागेवर होत्या, उघड्या होत्या, खिडक्याही तशाच होत्या. पण ज्या कारणासाठी त्या घेतल्या होत्या तेच नाहीसे झाले होते, म्हणून राहिलेले ५० पौंड हेन्री देणे लागत नाहीत, असे न्यायालयाने ठरवले.

आपल्याकडे याबाबत अधिक स्पष्ट तरतूद आहे. करार कायद्याच्या कलम ५६ नुसार, करार झाल्यानंतर एखाद्या घटनेमुळे ठरलेले काम करणे अशक्य झाले, तर तो करार शून्य होतो. येथे ‘रद्द करणे’ आणि ‘शून्य होणे’ यांतील फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. रद्द करणे ही एका पक्षाची कृती असते. शून्य होण्यासाठी कोणीही काही करावे लागत नाही, करार आपोआप संपतो. त्यामुळे ‘तुम्ही रद्द केले की आम्ही’ हा व्यवस्थापकांचा प्रश्नच या ठिकाणी लागू पडत नव्हता. ‘अशक्य’ या शब्दाचा अर्थही सर्वोच्च न्यायालयाने सत्यब्रत घोष विरुद्ध मगनीराम बांगूर या खटल्यात व्यवहाराच्या अंगाने लावला आहे : काम अक्षरशः अशक्य असलेच पाहिजे असे नाही, पक्षांनी ज्या हेतूने करार केला त्या हेतूच्या दृष्टीने ते निरुपयोगी किंवा अव्यवहार्य झाले असेल, तरी पुरे. मात्र त्याच खटल्यात सरकारने जमीन युद्धकाळापुरती ताब्यात घेतल्यामुळे करार संपला, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही, कारण तो अडथळा तात्पुरता होता आणि जमिनीचा विकास नंतरही होऊ शकत होता. मंगळागौर श्रावणातल्या मंगळवारी असते आणि त्या वर्षीचा श्रावण संपत आला होता. शिवाय आमच्या करारात जेवणही होते, आणि आचारी व वीज या दोन्ही गोष्टी सभागृहालाच पुरवायच्या होत्या. म्हणजे दार उघडे असले तरी सभागृह आपला वाटा पूर्ण करूच शकत नव्हते.

शून्य झालेल्या कराराच्या पैशांचे काय, याचे उत्तर कलम ६५ मध्ये आहे : ज्याने अशा करारापोटी काही लाभ घेतला असेल, त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. कायद्यातच दिलेले उदाहरण फार बोलके आहे. एक गायक मैफलीसाठी १,००० रुपये आगाऊ घेतो आणि आजारपणामुळे गाऊ शकत नाही. मैफल न झाल्याने बुडालेल्या नफ्याची भरपाई त्याला द्यावी लागत नाही, पण १,००० रुपये परत द्यावे लागतात. मी हे उदाहरण मराठीत आणि गुजरातीत लिहून पत्रासोबत मालकांना दिले. मालक स्वतः वयस्कर आणि सरळ गृहस्थ आहेत. त्यांनी ते दोनदा वाचले आणि आदल्या दिवशी आणलेल्या भाजीचे व किराणाचे ३,२०० रुपयांचे बिल माझ्यापुढे ठेवले. ती भाजी आमच्यासाठीच आणलेली होती आणि पाण्यात गेली होती. ती रक्कम कापून घ्यायला मी आपण होऊन होकार दिला. ऑक्टोबरमध्ये १६,८०० रुपयांचा धनादेश आला.

एक गोष्ट मी त्यांना तेव्हाच विचारली : वाहनतळात पाणी येते, हे तुम्ही आधी का सांगितले नाही? कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न नाजूक आहे. कलम १७ नुसार नुसते गप्प राहणे ही फसवणूक ठरत नाही, जोपर्यंत बोलणे हे त्या व्यक्तीचे कर्तव्य नसते. पण यजमानाने ‘पावसाळ्यात येथे पाणी येते का?’ असे विचारले आणि ‘नाही’ असे खोटे उत्तर मिळाले, तर कलम १९ प्रमाणे तो करार यजमानाला रद्द करता येतो. हाच नियम ‘तीनशे माणसे बसतात’ किंवा ‘जनरेटर आहे’ अशा खोट्या विधानांना लागू आहे. अर्थात जे थोड्या काळजीने पाहून आपल्यालाच कळले असते, त्याबद्दल चुकीची माहिती मिळाल्याची तक्रार पुढे टिकणे अवघड जाते. म्हणून जागा दिवसा आणि रात्री अशी दोन्ही वेळा पाहावी, आणि प्रश्न तोंडी न विचारता लिहून विचारावेत.

दुसरे प्रकरण अधिक अवघड होते, कारण तेथे कायदा पूर्णपणे आमच्या बाजूने नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाचीचे लग्न त्याच सभागृहात ठरले होते आणि आम्ही १,००,००० रुपये भरले होते. नोव्हेंबरच्या शेवटी वरपित्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि दोन्ही घरांनी मिळून लग्न मे महिन्यात ढकलले. मे महिन्यातील तारीख सभागृहाकडे मोकळी नव्हती. घरात सर्वांची समजूत अशी होती की, एवढे गंभीर कारण असल्यावर पैसे परत मिळालेच पाहिजेत. तसे नाही. लग्न त्या दिवशी होणे अशक्य नव्हते, आमच्यासाठी ते अत्यंत गैरसोयीचे होते, आणि कायदा गैरसोयीला अशक्यता मानत नाही. केवळ परिस्थिती बदलली म्हणून ठरलेला करार एकतर्फी सोडण्याचा अधिकार कायदा देत नाही; दोघांच्या संमतीने तो कलम ६२ खाली केव्हाही मोडता येतो, पण तेथे समोरच्याचा होकार लागतो. करार आम्ही मोडत होतो, हे मान्य करूनच मला बोलणी करावी लागली.

पण करार मोडणाऱ्याचे सर्व पैसे समोरच्याने ठेवून घ्यावेत, असेही नाही. कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम आधीच ठरलेली असली, तरी नुकसान झालेल्या पक्षाला वाजवी भरपाईच मिळते, आणि ठरलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ सालच्या निकालात दिल्लीतील एका बंगल्याच्या व्यवहारात दिलेल्या २५,००० रुपयांपैकी १,००० रुपयांचा बयाणा तेवढा विक्रेत्याला ठेवता आला. उरलेले २४,००० रुपये नुकसान दाखवल्याशिवाय जप्त करता आले नाहीत. आमच्या प्रकरणाशी जास्त जुळणारा निकाल २०१५ सालचा, कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा आहे. १९८२ मध्ये एका भूखंडाच्या ३.१२ कोटी रुपयांच्या बोलीपोटी भरलेले ७८ लाख रुपये प्राधिकरणाने जप्त केले आणि तोच भूखंड १९९४ मध्ये ११.७८ कोटींना विकला. त्या कंपनीने मुळात करार मोडलाच नव्हता, हाही मुद्दा तेथे होता. परंतु जेथे काहीच नुकसान झालेले नाही तेथे कलम ७४ खाली भरपाईही नाही, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले.

आमच्या बाबतीत नुकसान झाले की नाही, हे मला शोधावे लागले नाही. जानेवारीत रावपुऱ्यातील एका परिचितांच्या घरची लग्नपत्रिका आमच्याकडे आली आणि तिच्यावर तेच सभागृह आणि तीच तारीख होती. आम्ही दहा आठवडे आधी कळवले होते आणि आमची तारीख पुन्हा भरली गेली होती. मी पत्रिकेची प्रत जोडून पत्र लिहिले. या वेळी व्यवस्थापकांनी सातव्या अटीचा उल्लेख केला नाही. सजावटवाल्याला दिलेली विसाराची रक्कम आणि नव्या यजमानाला आणणाऱ्याची दलाली मिळून १२,००० रुपयांचा हिशेब दाखवून त्यांनी ८८,००० रुपये बँकेत जमा केले. हा हिशेब मला वाजवी वाटला. तारीख पुन्हा भरली गेली नसती तर आम्हाला यापेक्षा बरेच कमी मिळाले असते, आणि ते योग्यही ठरले असते, कारण लग्नाच्या हंगामातील एक रिकामा दिवस ही मालकाची खरी हानी आहे.

आठव्या अटीचा फटका आम्हाला बसला नाही. एका परिचित कुटुंबाला दुसऱ्या एका जागेत बसला. पंधरा दिवसांवर साखरपुडा असताना त्यांना मोठे सभागृह नाकारून तळमजल्यावरील लहान खोली देऊ केली गेली. अशा नकारानंतर कलम ३९ नुसार यजमान करार संपवू शकतो, मात्र त्याने शब्दाने किंवा वागण्याने तो बदल मान्य केलेला नसावा. आणि योग्य रीतीने करार संपवणाऱ्याला कलम ७५ खाली नुकसानभरपाई मागता येते. त्या कुटुंबाने नाइलाजाने लहान खोली स्वीकारली आणि तेथेच त्यांची बाजू कमकुवत झाली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने मात्र अशा अटींना ‘अनुचित करार’ असे नाव देऊन त्यांची व्याख्या केली आहे : वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार आणि झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड, हे दोन्ही त्या व्याख्येत येतात. अटच अनुचित आहे अशी तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे, म्हणजे आपल्यासाठी अहमदाबादला करावी लागते. सेवेतील त्रुटीची तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे, स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर बोलून पाहावे.

कोणतेही आरक्षण सोडताना ते फोनवर सोडू नये. करार रद्द करण्याची सूचना समोरच्याला पोहोचल्याचे सिद्ध करता आले पाहिजे. दोन्ही वेळा मी पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सभागृहाचा शिक्का, तारीख आणि वेळ घेतली, आणि लग्नाच्या प्रकरणात ‘दहा आठवडे आधी’ हे शब्द त्या शिक्क्यामुळेच निर्विवाद ठरले.

माझ्या दिरांची साठीशांत याच सभागृहात ठरवली आहे. इतर जागा पाहिल्या. एक अधिक हवेशीर होती आणि एक नदीपासून लांब, पण आमटीला अशी चव दुसरीकडे मिळेल असे घरात कोणाला वाटले नाही. पैसे देण्यापूर्वी मी गुलाबी पावती उलटी केली आणि मालकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, सातव्या आणि आठव्या अटीवर निळ्या पेनाने रेघ मारली आणि बाजूच्या जागेत स्वतःच्या अक्षरात गुजरातीत लिहिले : पूर, वीज किंवा सरकारी आदेशामुळे कार्य न झाल्यास झालेला खर्च वजा जाता रक्कम परत, यजमानाने साठ दिवस आधी लेखी कळवल्यास दहा टक्के कापून परत, सभागृहाने नकार दिल्यास पूर्ण रक्कम आणि दुसऱ्या जागेचा वाढीव खर्च. खाली त्यांनी सही केली, मी सही केली, आणि कार्बनवर ती अक्षरे उमटली आहेत की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी खालची प्रत खिडकीकडे उजेडात धरली.